पुस्तकाची उलटतपासणी

विज्ञानाचे पुस्तक तुम्ही कसे वाचता? बहुतेक जण व्याख्यांखाली रेघ ओढतात, त्या पाठ करतात आणि परीक्षेत लिहून मोकळे होतात. परीक्षेपुरते हे चालतेही. पण वाचनाची आणखी एक रीत आहे. त्या रीतीने वाचणारा एक गरीब मुलगा पुढे जगातील थोर शास्त्रज्ञांपैकी एक झाला. त्या मुलाची, त्याने वाचलेल्या एका पुस्तकाची आणि त्याच्या व्याख्यानांतून तयार झालेल्या दुसऱ्या एका पुस्तकाची ही हकीकत आहे. ती वाचून झाल्यावर आपणही त्याच रीतीने एक विधान तपासून पाहणार आहोत.

पुस्तके बांधणारा मुलगा

मायकेल फॅरडेचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनजवळ झाला. वडील लोहारकाम करीत. त्यांची प्रकृती नेहमी बिघडलेली असे. त्यामुळे घरात कायम ओढाताण. वाचणे, लिहिणे आणि थोडे अंकगणित एवढेच मायकेलचे शालेय शिक्षण झाले. १८०५ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, तो रीबो नावाच्या पुस्तकविक्रेत्याकडे पुस्तकबांधणीचे काम शिकण्यासाठी उमेदवार म्हणून राहिला. उमेदवारीची मुदत सात वर्षांची होती.

बांधणीसाठी आलेली पुस्तके मायकेल फुरसतीच्या वेळी वाचू लागला. एका ज्ञानकोशातील विजेवरच्या लेखाने त्याला विजेची गोडी लावली. रसायनशास्त्राची गोडी मात्र लावली ती जेन मार्सेट या बाईंच्या ‘रसायनशास्त्रावरील संवाद’ या पुस्तकाने. १८०६ साल छापलेल्या त्याच्या पहिल्या आवृत्तीवर लेखिकेचे नावही नव्हते.

हे पुस्तक कसे जन्मले तेही पाहण्यासारखे आहे. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हम्फ्री डेव्ही यांची व्याख्याने ऐकायला मार्सेटबाई जात. पण नुसते ऐकून त्यांच्या डोक्यात फारसे काही शिरेना. एका स्नेह्याशी त्याच विषयांवर गप्पा मारल्या, प्रयोग करून पाहिले, तेव्हा कुठे विषय उलगडू लागला. म्हणून त्यांनी पुस्तकच संवादाच्या रूपात लिहिले. मिसेस बी या शिक्षिका आणि एमिली व कॅरोलाइन या दोन विद्यार्थिनी. कॅरोलाइनला सुरुवातीस या विषयात काही राम वाटत नाही. ती मनात येईल ते विचारते, कधी चुकीचे उत्तर देते आणि मग प्रयोग पाहून आपले मत बदलते. वाचणाऱ्याला वाटते, ‘अरे, ही तर माझीच शंका!’

फॅरडेने या पुस्तकाचे काय केले? पुढे १८५८ साली एका शास्त्रज्ञ मित्राला लिहिलेल्या पत्रात त्यांनी ते सांगितले आहे. आपण लहानपणी फार कल्पनाळू होतो, ज्ञानकोशावर जितका सहज विश्वास ठेवू तितकाच अरबी सुरस कथांवरही ठेवला असता, अशी कबुली ते देतात. त्यांना वाचवले ते वस्तुस्थितीच्या ओढीने. मार्सेटबाईंच्या पुस्तकातील विधाने त्यांनी आपल्या तुटपुंज्या पैशांत जमतील तेवढे लहानसहान प्रयोग करून ताडून पाहिली. ती खरी ठरली, तेव्हाच त्यांचा पुस्तकावर भरवसा बसला. साक्षीदाराची उलटतपासणी करावी, तशी त्यांनी पुस्तकाची केली!

१८१२ साली एका गिऱ्हाइकाने दिलेल्या तिकिटांवर फॅरडेला डेव्ही यांची चार व्याख्याने ऐकायला मिळाली. त्याने त्यांची सविस्तर टिपणे काढली, स्वतः बांधली आणि डेव्हींना पाठवली. १८१३ च्या मार्चमध्ये रॉयल इन्स्टिट्यूशनच्या प्रयोगशाळेत त्याला मदतनिसाची जागा मिळाली. चुंबकाच्या साहाय्याने वीज निर्माण करण्याचा १८३१ चा जगप्रसिद्ध शोध त्यांनी तेथेच लावला. आपले शोधनिबंध ते कृतज्ञतेने मार्सेटबाईंना पाठवीत.

मेणबत्तीवर सहा व्याख्याने

रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये नाताळच्या सुट्टीत मुलांसाठी व्याख्याने होत. फॅरडे यांनी अशा अनेक मालिका गुंफल्या. १८६०-६१ च्या हिवाळ्यात, सत्तरीच्या उंबरठ्यावर असताना, त्यांनी सहा व्याख्याने दिली ती साध्या मेणबत्तीवर. विल्यम क्रुक्स या शास्त्रज्ञाने ती संपादित केली आणि १८६१ साली ‘मेणबत्तीचा रासायनिक इतिहास’ हे पुस्तक निघाले. ते आजही छापले जाते. लिथियम-आयन विद्युतघटासाठी २०१९ चे नोबेल पारितोषिक मिळवणारे जपानचे अकिरा योशिनो यांना प्राथमिक शाळेत असताना शिक्षिकेने हेच पुस्तक वाचायला सुचवले होते. आपल्याला रसायनशास्त्राची ओढ त्यातूनच लागली, असे ते सांगतात.

या पुस्तकात विशेष काय आहे? फॅरडे सूत्रांपासून सुरुवात करीत नाहीत. समोर दिसते त्याबद्दल प्रश्न विचारतात. मेण तर घन आहे. मग ते ज्योतीपर्यंत चढते कसे? ज्योतीच्या उष्णतेने मेण वितळते. ज्योतीभोवती खालून वर जाणारा हवेचा प्रवाह मेणबत्तीची कड थंड ठेवतो, म्हणून मधोमध द्रवाची वाटी तयार होते. त्या वाटीतले मेण वातीतील बारीक फटींतून केशाकर्षणाने वर चढते. हे दाखवण्यासाठी फॅरडे यांनी बशीत मिठाचा स्तंभ उभा करून निळा रंग दिलेले मिठाचे पाणी ओतले. निळा रंग स्तंभात वर चढताना सर्वांना दिसला. दिवाळीतल्या पणतीत तेल वातीवर चढते ते याच कारणाने.

मग जळते काय? मेणबत्ती फुंकून विझवा आणि वातीतून निघणाऱ्या पांढऱ्या धुराला दोन-तीन सेंटिमीटर अंतरावरून पेटती काडी लावा. ज्योत धुरातून उडी घेऊन वातीवर येते. म्हणजे जळते ती मेणाची वाफ. ज्योतीच्या पिवळ्या भागात स्टीलचा चमचा क्षणभर धरा; काजळी बसते. तापून लाल-पिवळे झालेले हेच कार्बनचे कण ज्योतीला उजेड देतात. ज्योतीच्या वर, थोड्या अंतरावर, थंड व कोरडी काचेची वाटी पालथी धरा. आतून दमट होते. आगीतून पाणी निघाले! आणि मेणबत्ती जळालेल्या बरणीत चुन्याची निवळी हलवली तर ती दुधाळ होते. नळीने निवळीत फुंकर घाला, तसेच होते. म्हणजे मेणबत्ती जळते तेव्हा आणि आपण श्वास सोडतो तेव्हा कार्बन डाय-ऑक्साइड बाहेर पडतो. शेवटच्या व्याख्यानात फॅरडे श्रोत्यांना याच साम्यापाशी आणून सोडतात. (हे प्रयोग मोठ्या माणसांसमोर करा आणि जवळ पाण्याची बादली ठेवा. निवळी तोंडात जाऊ देऊ नका.)

आता एक विधान तपासू

तुमच्यापैकी अनेकांनी हा प्रयोग वाचला असेल : ताटलीत पाणी घ्या, मधोमध पेटती मेणबत्ती उभी करा आणि तिच्यावर काचेचा पेला पालथा घाला. मेणबत्ती विझते, पेल्यात पाणी चढते. पुढे अनेक पुस्तकांत लिहिलेले असते, ‘हवेतील सर्व ऑक्सिजन जळून गेला, त्याची जागा पाण्याने घेतली. यावरून हवेत एक पंचमांश ऑक्सिजन असतो हे सिद्ध होते.’

उलटतपासणी करू. पहिला प्रश्न : पाणी केव्हा चढते? ऑक्सिजन जळून पाणी चढत असेल, तर मेणबत्ती जळत असताना ते हळूहळू चढायला हवे. नीट पहा. ज्योत मंद होऊन विझेपर्यंत पाणी थोडेच चढते. विझल्याबरोबर मात्र झपाट्याने वर येते.

दुसरा प्रश्न : त्याच पेल्याखाली एकाऐवजी तीन मेणबत्त्या ठेवल्या तर? पेला तोच, म्हणजे ऑक्सिजनही तेवढाच. मग पाणीही तेवढेच चढायला हवे. करून पहा. तीन मेणबत्त्यांनी पाणी अधिक चढते.

मग खरे कारण काय? पेला खाली आणताना ज्योतीमुळे त्यातली हवा तापून प्रसरण पावते. काही हवा बाहेर निसटते, कधी काठाशी बुडबुडेही दिसतात. ज्योत विझली की आतली हवा थंड होऊन आकुंचन पावते, पाण्याची वाफ निवते, आतला दाब कमी होतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी आत ढकलतो. ऑक्सिजन खर्च होतो हे खरे; पण त्याच्या बदल्यात कार्बन डाय-ऑक्साइड तयार होतो. शिवाय मेणबत्ती विझते तेव्हा बराचसा ऑक्सिजन पेल्यात शिल्लक असतो. हवेत सुमारे एक पंचमांश ऑक्सिजन आहे, हा निष्कर्ष बरोबर. पण या प्रयोगाने तो सिद्ध होत नाही.

यावरून पुस्तके टाकाऊ आहेत असे मात्र समजू नका. फॅरडेला वाट दाखवली ती पुस्तकानेच. पण त्याने पुस्तक हाताशी धरून प्रयोग केले. ज्या पुस्तकातील विधाने तुम्हाला घरच्या साहित्याने पडताळून पाहता येतात, ते पुस्तक शिकण्यासाठी उत्तम. आणि पडताळणीत ते चुकीचे ठरले, तरी तुमचे नुकसान होत नाही. चूक का झाली हे शोधताना तुम्ही अधिकच शिकता.

शिक्षकांनाही एक विनंती. वर्गात एखादा विद्यार्थी ‘सर, तीन मेणबत्त्या लावल्या तर?’ असे विचारील, तेव्हा त्याला खाली बसवू नका. आणखी दोन मेणबत्त्या आणायला पाठवा.

करून पहा व उत्तर शोधा

१) मेणबत्तीऐवजी पणती वापरून वरील प्रयोग केला तर काय फरक पडतो?

२) मेणबत्ती न लावता, पेला नुसता गरम पाण्यात बुडवून तापवला आणि लगेच ताटलीतील थंड पाण्यावर पालथा घातला तर पाणी चढेल का? त्यावरून काय सिद्ध होईल?

३) तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकातील घरी तपासता येतील अशी पाच विधाने शोधून वहीत लिहा. त्यांपैकी निदान एक या रविवारी तपासा.