धुळीतले अन्न

विद्यार्थी मित्रांनो, वावटळ तुम्ही पाहिलीच असेल. उन्हाळ्यात शिंदखेड्याच्या शिवारात ती गरगरत येते. अंगणातले पापड-कुरडया उचलायला एकच धावपळ होते. भांडी, कपडे, दाणे, सारे धुळीने भरते. मोठे वादळ आले, की तुमच्या घरी 'आंधी आली' म्हणतात. अशी धूळ कोणालाच नको असते. पण समुद्रातील असंख्य जीवांना ती हवी असते. ती कशासाठी, ते पाहू या.

समुद्राच्या पाण्यात अतिशय सूक्ष्म वनस्पती तरंगत असतात. त्यांना वनस्पती-प्लवक म्हणतात. झाडांप्रमाणेच त्या सूर्यप्रकाशात आपले अन्न तयार करतात. त्यांना बारीक प्राणी खातात, त्या प्राण्यांना तारली व बांगडा खातात आणि लहान माशांना सुरमई खाते. म्हणजे समुद्रातले बहुतेक जीव शेवटी या वनस्पतींवरच जगतात.

आपल्या रक्ताला लोह लागते. ते कमी पडले, तर डॉक्टर लोहाच्या गोळ्या देतात. या वनस्पतींनाही हरितद्रव्य तयार करण्यासाठी लोह लागते. किनाऱ्याजवळ नद्यांच्या गाळातून ते मिळते. भर समुद्रात मात्र ते फार थोडे असते. जॉन मार्टिन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९८८ साली उत्तर पॅसिफिक महासागराच्या पाण्यावरील प्रयोग प्रसिद्ध केले. त्या पाण्यात किंचित लोह मिसळताच वनस्पती वाढू लागल्या होत्या.

मग भर समुद्रात लोह पोहोचवतो कोण? वारा! अरबस्तान, इराण, थर येथील वाळवंटांची धूळ वाऱ्याबरोबर अरबी समुद्रावर येते. २३ जानेवारी २०२२ रोजी पाकिस्तानकडून आलेली धूळ समुद्र ओलांडून थेट मुंबईत पोहोचली. मोटारींवर पांढरट थर बसला. अशी धूळ वाटेत समुद्रातही पडते. तिच्यातील लोहाचा थोडासाच भाग पाण्यात विरघळतो. पण प्लवकांना तेवढाही मोलाचा असतो.

वनस्पती-प्लवक हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषतात. मग आपणच समुद्रात लोह टाकले, तर पृथ्वीची वाढती उष्णता कमी होईल का? हे तपासण्यासाठी २००९ साली भारत व जर्मनीच्या शास्त्रज्ञांनी दक्षिण अटलांटिक महासागरात एक प्रयोग केला. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे डॉ. वजीह नकवी हे त्याच्या दोन प्रमुखांपैकी एक होते. प्रयोगाचे नाव होते 'लोहाफेक्स'. त्यातला 'लोहा' हा तुमच्या ओळखीचाच शब्द!

सुमारे ३०० चौरस किलोमीटर भागात लोहाचे द्रावण सोडले. प्लवक वाढले, पण लवकरच बारीक प्राण्यांनी ते खाऊन टाकले. कार्बन फारसा तळाशी गेलाच नाही. समुद्राला खत घालून हवा थंड करणे वाटते तितके सोपे नाही, हे त्यातून कळले.

मित्रांनो, वाळवंट, वारा आणि समुद्र एकमेकांशी असे जोडलेले आहेत. त्यांच्या व्यवहारात हात घालण्यापूर्वी तो नीट समजून घेतला पाहिजे.

स्वाध्याय
१. वनस्पती-प्लवकांना लोह कशासाठी लागते?
२. 'लोहाफेक्स' प्रयोगातून काय कळले?
३. 'वावटळ' आणि 'गाळ' हे शब्द वाक्यांत वापरा.