शस्त्रकर्मपूर्व औषधवृत्त : सर्पगंधा, यष्टिमधू आणि आपली जबाबदारी

शस्त्रकर्मासाठी निघालेल्या रुग्णाचे पूर्वकर्म हा विषय आपल्याला नवा नाही. सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या पाचव्या अध्यायात मूढगर्भ, उदर, अर्श, अश्मरी, भगंदर व मुखरोग या व्याधींत रुग्णास उपाशी ठेवूनच कर्म करावे असे सांगितले आहे. अन्यत्र मात्र कर्मापूर्वी भोजन द्यावे व वेदना सहन न होणाऱ्या मद्यपी रुग्णास तीक्ष्ण मद्य पाजावे, असा निर्देश सतराव्या अध्यायात येतो. आजच्या संज्ञाहरणात हा दुसरा निर्देश चालत नाही. संपूर्ण भूल दिली असता कंठाच्या संरक्षक प्रतिक्षिप्त क्रिया लोपतात आणि आमाशयातील द्रव फुप्फुसात उतरतो. मेंडेल्सन यांनी १९४६ साली प्रसूतीच्या रुग्णांत या उपद्रवाचे सविस्तर वर्णन केले आणि ‘पोट रिकामे’ हा भूलशास्त्राचा पहिला नियम झाला.

परंतु रिकामे पोट म्हणजे काय, हे रुग्णाला समजावून सांगणारा पुष्कळदा वैद्यच असतो. अमेरिकन भूलतज्ज्ञ संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार निरोगी प्रौढास पाणी किंवा बिनदुधाचा चहा यांसारखे निव्वळ द्रव भुलेपूर्वी दोन तासांपर्यंत चालतात, हलका आहार व दूध यांना सहा तास आणि तळलेल्या किंवा स्निग्ध आहारास आठ तास वा अधिक लागतात. आता आपल्या अनुपानांकडे पाहावे. दुधातून घेतलेले चूर्ण हे दूधच होय. घृत हा स्निग्ध आहार होय. चोथा राहिलेला काढा निव्वळ द्रव नव्हे, आणि आसवारिष्टांत स्वयंजनित मद्यार्क असतो. ‘औषधच तर घेतले, खाल्ले काही नाही’ असे सांगणारा रुग्ण खोटे बोलत नसतो. त्याला कोणी विचारलेले वा सांगितलेले नसते.

येथे स्वतःची एक चूक नमूद करणे भाग आहे. पैठण तालुक्यातील एक साठी ओलांडलेले शेतकरी रक्तदाबासाठी माझ्याकडे येत. त्यांना मी सर्पगंधायुक्त वटी देत असे. पुडीवर नाव नसे. केसपेपरवर ‘वटी क्र. २’ एवढेच. पुढे शहरातील एका रुग्णालयात त्यांचे आंत्रवृद्धीचे शस्त्रकर्म ठरले. ‘काही औषधे चालू आहेत का?’ या प्रश्नाला त्यांनी ‘नाही’ म्हणून सांगितले, कारण त्यांच्या लेखी औषध म्हणजे मेडिकलमधली गोळी. पाठीच्या कण्यात भूल दिल्यावर रक्तदाब उतरला. तो या भुलेत उतरतोच. पण नेहमीच्या मेफेंटरमाइनला अपेक्षित प्रतिसाद आला नाही व नॉरॲड्रेनॅलिन द्यावे लागले. रुग्ण सुखरूप घरी गेले. हे सर्पगंधेमुळेच घडले असे एका रुग्णावरून सिद्ध करता येणार नाही. परंतु भूलतज्ज्ञांनी मला दूरध्वनी करून ‘क्रमांक दोन म्हणजे काय?’ असे विचारले, तेव्हा उत्तर देताना संकोच वाटला.

यामागील औषधविज्ञान समजून घेण्यासारखे आहे आणि त्याचा इतिहास आपल्याच राज्यातला आहे. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये सर्पगंधेचे रक्तदाबावरील अनुभव प्रसिद्ध केले आणि जगाचे लक्ष या वनस्पतीकडे वळले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतील शास्त्रज्ञांनी तिच्यातून रिसर्पिन वेगळे केले. वकील यांना १९५७ चा लास्कर पुरस्कार लाभला. रिसर्पिन मज्जातंतूंच्या टोकांतील नॉरॲड्रेनॅलिनची साठवण रिती करते, म्हणून रक्तदाब उतरतो. एफेड्रिन व मेफेंटरमाइन ही औषधे मुख्यतः याच साठ्यातील द्रव्य बाहेर काढून रक्तदाब वाढवितात. कोठारच रिकामे असेल तर ती काढणार काय? नॉरॲड्रेनॅलिन वा फेनिलेफ्रिन मात्र रक्तवाहिन्यांवर थेट कार्य करतात, म्हणून ती चालतात. भूलतज्ज्ञास सर्पगंधेची माहिती आधी असली, तर योग्य औषध हाताशी ठेवता येते.

मग सर्पगंधा बंद करावी काय? येथे घाई नको. १९५० च्या दशकात अशा रुग्णांत भुलेखाली रक्तदाब कोसळल्याचे वृत्तांत आले आणि दोन आठवडे आधी औषध थांबवावे असा नियम रूढ झाला. १९६० च्या दशकातील तुलनात्मक निरीक्षणांत औषध थांबविलेले व चालू ठेवलेले रुग्ण यांत तेवढा फरक आढळला नाही, आणि तो नियम सैल झाला. रिसर्पिनचा परिणाम सावकाश ओसरतो, त्यामुळे आदल्या रात्रीची मात्रा चुकवून काहीच साधत नाही. उलट भरकटलेला रक्तदाब घेऊन शस्त्रकर्मास जाणे अधिक धोक्याचे. निर्णय भूलतज्ज्ञांच्या विचारानेच व्हावा.

अन्य द्रव्यांविषयी थोडक्यात. अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात २००१ साली आलेल्या एका समीक्षेत लसूण सात दिवस आधी व एफेड्रा चोवीस तास आधी थांबवावा असे सुचविले होते. लसणाचा प्रश्न बिंबाणूंच्या कार्याचा आहे; फोडणीतला लसूण नव्हे, औषधी मात्रेतील नित्य सेवन येथे अभिप्रेत आहे. तरीही केवळ वनौषधी चालू आहेत म्हणून कण्यातील भूल नाकारू नये, असे अमेरिकेतील प्रादेशिक भूल संघटनेचे मत आहे. तगराच्या कुळातील व्हॅलेरियन दीर्घकाळ घेणाऱ्याने ते एकदम न सोडता हळूहळू कमी करावे, असेही त्या समीक्षेत आहे. तगर देणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. मधुमेहासाठी कारले वा मामेजवा घेणारा रुग्ण उपाशी राहिला की रक्तशर्करा घसरू शकते.

जातीफलादि चूर्णात भंगा व कामिनीविद्रावण रसात अहिफेन असते, हे औषधालयचालकांना माहीत आहेच. ही द्रव्ये औषधे नियम, १९४५ च्या परिशिष्ट ई-१ मध्ये आहेत. भंगेची सवय असलेल्यास भुलेची मात्रा अधिक लागू शकते, आणि अहिफेनाची सवय असलेल्यास शस्त्रकर्मोत्तर वेदना नेहमीच्या मात्रेत शमत नाहीत. असा ग्राहक हे आपणहून कोणालाच सांगत नाही. विकणाऱ्याने शस्त्रकर्माचे कळताच त्याला एकांतात बजावले, तर कोणाचेही नुकसान नाही.

यष्टिमधूचे उदाहरण मला सर्वांत उद्बोधक वाटते. दीर्घकाळ मोठ्या मात्रेत पोटात घेतल्यास तिच्यातील ग्लिसिरायझिनमुळे रक्तातील पोटॅशियम घटते व रक्तदाब वाढतो. पोटॅशियम घटले की हृदयाची लय बिघडण्याची भीती, आणि काही स्नायुशिथिलकांचा परिणामही लांबतो. पण तीच यष्टिमधू गंडूषासाठी वापरली तर? श्वासनलिकेत नळी घातल्यानंतर घसा दुखणे ही रुग्णांची नित्याची तक्रार. लखनौ येथील भूलतज्ज्ञांनी २००९ साली चाळीस रुग्णांत, भुलेपूर्वी पाच मिनिटे अर्धा ग्रॅम यष्टिमधू ३० मिलिलिटर पाण्यात मिसळून गुळण्या करविल्या आणि घशाचा त्रास कमी झाल्याचे दाखविले. पुढे २०१३ मध्ये व्हिएन्नातील २३६ रुग्णांच्या चाचणीत, जाड दुहेरी नळी घालावी लागणाऱ्यांतही, घसा दुखण्याचे प्रमाण साधारण निम्म्यावर आले. शुंठीबाबतही २००६ च्या एका एकत्रित विश्लेषणात किमान एक ग्रॅम मात्रा शस्त्रकर्मोत्तर मळमळ व उलटीवर निष्क्रिय द्रव्यापेक्षा सरस ठरली. मात्र ही मात्रा भूलतज्ज्ञाच्या संमतीविना घरून घेऊन येण्याची नव्हे.

आमच्या चिकित्सालयात त्या प्रसंगानंतर ‘वटी क्र. २’ बंद झाली. पुडीवर औषधाचे पूर्ण नाव, मात्रा आणि सुरू केल्याची तारीख मराठीत लिहिली जाते. कन्नड, सिल्लोड, वैजापूरकडचे रुग्ण शस्त्रकर्मासाठी घाटीत किंवा खासगी रुग्णालयात निघाले की त्यांच्या हाती एक चिठ्ठी देतो : द्रव्यांची नावे, कल्प, किती काळ चालू आहे, शेवटची मात्रा केव्हा घेतली आणि माझा दूरध्वनी. खनिज घटक असल्यास तेही स्पष्ट लिहितो. लपविण्यासारखे त्यात काही नसावे. शस्त्रकर्मानंतर तोंडाने आहार सुरू होऊन रक्तस्रावाची शंका मिटली, की कोणते औषध कधी पुन्हा चालू करावे हे शल्यचिकित्सकांना विचारूनच रुग्णाला कळवितो. त्या शेतकऱ्यांची वटी दहाव्या दिवशी पुन्हा सुरू झाली, या वेळी नावासह.