मित्रासाठी परदेशातून सिगारेट: किती आणावी, किती वाचतात

वेळापूरच्या घरी दुबईहून सुट्टीवर निघालं की मित्राचा निरोप येतोच: ‘येताना एक कार्टन घेऊन ये रे.’ आषाढीत माऊलींची पालखी वेळापूरला मुक्कामी असते, तेव्हा रजा काढून येणाऱ्यांना तर असे निरोप जास्तच. पण हा निरोप जसाच्या तसा पाळला तर पुण्याच्या किंवा मुंबईच्या विमानतळावर अडकायला होतं. ड्यूटी फ्रीमधल्या कार्टनमध्ये बहुधा २०० सिगारेटी असतात, आणि आपल्याकडे एका प्रवाशाला करमुक्त आणता येतात फक्त १००. म्हणजे वीसची पाच पाकिटं. त्याऐवजी २५ सिगार किंवा १२५ ग्रॅम तंबाखू चालते.

फेब्रुवारी २०२६ पासून भारतीय प्रवाशाच्या सामानाला ७५,००० रुपयांपर्यंत सूट मिळते, तेव्हा उरलेली पाच पाकिटं त्यात बसतील, असं बऱ्याच जणांना वाटतं. ती बसत नाहीत. शंभरच्या वरच्या सिगारेटी या सूटीतून वगळलेल्या आहेत, आणि सामानावरचा सवलतीचा दरही त्यांना लागत नाही. बरोबर पत्नी असेल तर तिची मुभा तिच्या सामानापुरती. दोघांची बेरीज करून एकाच्या बॅगेत २०० ठेवता येत नाहीत. दुबईला घेतलेल्या आणि इथे उतरल्यावर ड्यूटी फ्रीत घेतलेल्या, दोन्ही मिळून मर्यादा तीच.

आता या खटाटोपात वाचतं किती ते पाहू. १ फेब्रुवारी २०२६ पासून इथे सिगारेटवर ४० टक्के जीएसटी आहे, आणि लांबी व प्रकारानुसार हजार सिगारेटींमागे २,०५० ते ८,५०० रुपये उत्पादन शुल्क. समजा, गावात एक सिगारेट २० रुपयांना मिळते. त्यातला जीएसटी साधारण ५ रुपये ७० पैसे. शंभराला ५७० रुपये. उत्पादन शुल्क सगळ्यात जड धरलं तरी शंभराला ८५०. म्हणजे हे दोन्ही कर मिळून फार तर चौदाशे रुपये, आणि तेही तिकडचा भाव इथल्या करविरहित किमतीइतका असेल तरच. शहरातल्या दुकानातून घेतल्या तर हा फायदा आणखी आटतो, कारण अमिरातीने ऑक्टोबर २०१७ पासून तंबाखूवर १०० टक्के अबकारी कर लावला आहे. घ्यायच्याच असतील तर विमानतळावर घ्या आणि बिल जपून ठेवा.

एवढ्या रकमेसाठी ग्रीन चॅनलमधून कार्टन लपवून नेणं मला अजिबात पटत नाही. पकडलं तर माल जप्त होतो आणि दंड वेगळा. जास्त आणल्याच असतील तर रेड चॅनलला जाऊन सांगा. खरं सांगितलेला माल कस्टमकडे ठेवून परत जाताना सोडवून घेण्याची तरतूद सीमाशुल्क कायद्याच्या कलम ८० मध्ये आहे. महिन्याभराच्या सुट्टीवर आलेल्याला ती उपयोगी पडते.

कुरिअरचा विचारच करू नका. डिसेंबर २०१९ पासून टपालाने किंवा कुरिअरने येणाऱ्या भेटवस्तूंची करमाफी बंद आहे; राखी आणि जीव वाचवणारी औषधं एवढाच अपवाद.

सिंगापूरमार्गे येणाऱ्यांनी विशेष जपावं. तिथे विमानतळाबाहेर पडायचं असेल तर एकाही सिगारेटला करसवलत नाही.

सगळ्यात मोठा धोका ई-सिगारेटचा. दुबईत ती उघड विकली जाते, दिसायला छान असते, म्हणून भेट म्हणून सहज उचलली जाते. भारतात २०१९ च्या कायद्याने तिची आयातच बंद आहे. पहिल्याच गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ‘स्वतःसाठी एकच आणली’ हे सांगून सुटका होत नाही. मित्राने कितीही गळ घातली तरी नाही म्हणा.

उरलेली पाकिटं पानटपरीवर देऊन पैसे मोकळे करू, असा बेतही नको. आपल्याकडे विकायच्या पाकिटावर ८५ टक्के भागात सचित्र इशारा सक्तीचा आहे. तो नसलेलं पाकीट विकणं टपरीवाल्यालाही गुन्ह्यात ओढतं.

आणि मित्र सिगारेट सोडायच्या प्रयत्नात असेल, तर पाच पाकिटंही आणू नका. त्या पैशांचा खजूर आणा, आणि त्याला तंबाखूमुक्तीच्या राष्ट्रीय सेवेचा मोफत क्रमांक द्या: १८००-११-२३५६.