आधी अ‍ॅडॉप्टर, मग पेचकस

१९९० नंतरच्या दशकात वाशी, नेरूळ, बेलापूर येथील सिडकोच्या घरांत जी मुले वाढली, त्यांच्या दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्या ज्या यंत्राने व्यापल्या, ते कॅसेट घालून टीव्हीवर खेळायचे व्हिडिओ गेमचे यंत्र आजही पुष्कळ घरांच्या माळ्यावर खोक्यात पडून आहे. आणि ती मुले आता स्वतः आईबाप झाल्यामुळे अलीकडे ही खोकी पुन्हा खाली उतरू लागली आहेत. माझी सारी नोकरी तुर्भ्याच्या औद्योगिक वसाहतीत मापनयंत्रांच्या देखभालीत गेली असल्याने परिचयातील मंडळी अशी यंत्रे माझ्याकडे घेऊन येतात, आणि ती उघडता उघडता माझे एक ठाम मत बनले आहे. माळ्यावरून उतरलेले यंत्र बहुधा जिवंत असते. ते निकामी होते ते उतरल्यानंतरच्या पहिल्या तासाभरात, आणि तेही त्यावर प्रेम करणाऱ्या माणसाच्या घाईमुळे.

या यंत्रांचे कूळ एकच. जपानच्या निन्टेंडो कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी ‘फॅमिली कॉम्प्युटर’ नावाचे जे यंत्र बाजारात आणले, त्याच्या रचनेबरहुकूम पुढे असंख्य नकला निघाल्या, आणि लिटल मास्टर, टर्मिनेटर अशा नावांनी, मुंबईच्या मनीष मार्केटमधून किंवा आखातातून आलेल्या नातलगांच्या सामानातून, आपल्याकडे पोचल्या त्या याच नकला होत. कूळ एक असल्याचा लाभ असा की, एका यंत्राचे निदान दुसऱ्याला बहुतांशी लागू पडते : साठ संपर्कपट्ट्यांची कॅसेट, पाच व्होल्टवर चालणारा बोर्ड, आणि त्यावर चाळीस पायांच्या दोन मुख्य चिपा, किंवा स्वस्त यंत्रांत त्यांच्याऐवजी काळ्या रेझिनचा एकच ठिपका.

नेरूळच्या एका कुटुंबाने आणलेल्या यंत्राची कैफियत येथे तपशीलवार नमूद करतो, कारण त्यात बहुतेक सर्व प्रमाद एकत्र आले होते. मूळचा अ‍ॅडॉप्टर हरवला होता, म्हणून एका दुकानदाराने ‘पिन बसते’ एवढ्याच निकषावर दुसरा दिला; तो सेट-टॉप बॉक्सचा, १२ व्होल्टांचा, आणि ज्याची धन-ऋण बाजू या यंत्राच्या नेमकी उलट असा होता. बटण दाबल्यावर दिवा लागला नाही, किंचित जळका वास मात्र आला. त्यानंतर ज्या हौशी गृहस्थांकडे ते यंत्र गेले, त्यांनी दोष कॅसेटमध्येच असणार असे गृहीत धरून तिच्या संपर्कपट्ट्या पॉलिशपेपरने घासल्या आणि खाचेत गंजलेल्या बिजागऱ्यांवर मारावयाचे तेल फवारले. माझ्या हाती आले तेव्हा रेग्युलेटर जळालेला होता, त्याच्या शेजारचा कंडेन्सर फुगला होता, आणि कॅसेटीच्या पट्ट्यांवरचा सोन्याचा अतिसूक्ष्म मुलामा निघून खालचे तांबे उघडे पडले होते. यांतील पहिल्या दोन गोष्टींवर इलाज होता. तिसरीवर नव्हता, आणि खरी हळहळ वाटली ती तिचीच. कारण त्या घरातील मुलीने पंचवीस वर्षे जपलेली कॅसेट तीच होती.

म्हणून माझी पहिली विनंती अशी की, पेचकस हातात घेण्यापूर्वी अ‍ॅडॉप्टर हातात घ्यावा आणि त्यावरील लेबल शब्दशः वाचावे. मूळ जपानी यंत्रास १० व्होल्ट एकदिश दाब लागतो आणि त्याच्या पिनेचा मधला भाग ऋण असतो. नकलांना साधारणतः ९ व्होल्ट लागतात आणि त्यांतील पुष्कळांची पिन तशीच, म्हणजे मधोमध ऋण असते. उलट आजच्या राउटर, सेट-टॉप बॉक्स वगैरे उपकरणांच्या अ‍ॅडॉप्टरांचा मधला भाग बहुधा धन असतो. पिन मात्र दोहोंची तंतोतंत बसते, आणि सारा घात तेथेच आहे. यंत्राच्या पाठीवर, अ‍ॅडॉप्टरची पिन बसते त्या छिद्राजवळ, एका लहान वर्तुळाभोवती धन-ऋण चिन्हे काढलेली असतात. ती अ‍ॅडॉप्टरवरील चिन्हांशी जुळतात की नाही याची रुजवात घातल्याशिवाय बटणास हात लावू नये. चिन्हे पुसली गेली असतील, तर मल्टिमीटरने पिनेची ध्रुवता मोजावी आणि बोर्डवर रेग्युलेटरकडे कोणती तार जाते ते पाहावे.

दाब जास्त असला तरी चालेल, रेग्युलेटर आहेच, हा समजही अर्धवट आहे. या यंत्रांत ७८०५ क्रमांकाचा तीन पायांचा रेग्युलेटर येणारा दाब कापून ५ व्होल्ट करतो, आणि कापलेला भाग उष्णतेच्या रूपाने टाकतो. यंत्र ०·४ अँपिअर घेत असेल, तर ९ व्होल्टांवर सुमारे १·६ वॉट उष्णता निघते, १२ व्होल्टांवर २·८ वॉट. पत्र्याच्या लहानशा पट्टीवर बसवलेल्या त्या भागाला ही वाढ तासभर सोसवत नाही. मात्र ट्रान्सफॉर्मर असलेला जुना, जड ९ व्होल्टांचा अ‍ॅडॉप्टर काहीच न जोडता मोजला, तर १२-१३ व्होल्ट दाखवतो. तो बिघाड नव्हे, भार पडताच तो आकडा उतरतो.

परदेशस्थ आप्तांनी आणलेल्या यंत्रांबाबत आणखी एक ताकीद. जपानचा अ‍ॅडॉप्टर १०० व्होल्टांच्या आणि अमेरिकेचा १२० व्होल्टांच्या वीजपुरवठ्यासाठी असतो. आपल्या २३० व्होल्टांवर तो लावला की जळतो. शिवाय अमेरिकेत विकल्या गेलेल्या निन्टेंडो यंत्राचा मूळ अ‍ॅडॉप्टर प्रत्यावर्ती दाब देतो, कारण त्या यंत्राच्या आतच तो एकदिश करण्याची तजवीज आहे. तो जपानी यंत्राला किंवा आपल्याकडच्या नकलेला जोडणे म्हणजे ते गमावणे. त्या अमेरिकी यंत्राच्या कॅसेटीही वेगळ्या, बहात्तर संपर्कपट्ट्यांच्या. त्या आपल्याकडच्या खाचेत दाबून बसवण्याचा आग्रह धरू नये.

पुरवठा निर्दोष असल्याची खात्री पटल्यावर टीव्हीकडे वळावे. अँटेनाच्या तारेने जोडायचे यंत्र तिसऱ्या किंवा चौथ्या वाहिनीवर चित्र पाठवते, आणि आजच्या टीव्हीत ती वाहिनी हाताने शोधावी लागते. पिवळी व लाल-पांढरी पिन असलेले यंत्र असेल, तर सरळ तीच वापरावी. अगदी मूळ जपानी यंत्राचे चित्र तेथील पहिल्या-दुसऱ्या वाहिनीवर येते, आणि ती आपल्याकडच्या साध्या टीव्हीला सहसा सापडत नाही. असे यंत्र मेले म्हणून टाकून देऊ नये. जुना, काचेच्या नळीचा टीव्ही मात्र कोणत्याही कारणास्तव उघडू नये : त्यातील दाब वीस हजार व्होल्टांच्या घरात असतो आणि प्लग काढल्यावरही काही काळ टिकून राहतो.

आता कॅसेट. दिवा लागतो, पण पडदा एकाच रंगाचा राहतो किंवा अक्षरे विस्कटतात, तेव्हा दोष दहांपैकी नऊ वेळा हिच्या पट्ट्यांत असतो. येथे एक उपयुक्त खूण आहे. या कॅसेटीत आज्ञावलीची चिप वेगळी आणि चित्रांची चिप वेगळी असून दोहोंच्या पट्ट्याही वेगळ्या असतात. म्हणून संगीत बिनचूक वाजत असेल आणि चित्र तेवढे कचऱ्यासारखे दिसत असेल, तर यंत्राचा मेंदू शाबूत आहे आणि चित्रांच्या पट्ट्या मळल्या आहेत, असे खुशाल समजावे. बालपणी आपण सर्वांनी कॅसेटीत फुंकर मारली. तिने गुण आला असे वाटे, तो वास्तविक कॅसेट काढून पुन्हा घातल्याने येत असे. फुंकरीतील ओलावा पट्ट्यांवर राही आणि तांबे हिरवे पडे. नवी मुंबईत तर फुंकरीचीही गरज नाही. खाडीवरून येणारी खारट, दमट हवा पावसाळ्याचे चार महिने तेच काम करते, आणि खाडीलगतच्या घरांतून येणाऱ्या कॅसेटींवर तो हिरवा गंज मी वारंवार पाहिला आहे.

उपाय साधा आहे, पण त्यात धीर लागतो. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल मुंबईत लॅमिंग्टन रोडवरील दुकानांत मिळते. औषधांच्या दुकानातील ७० टक्क्यांच्या द्रवात पाणी अधिक असल्याने तो वापरल्यास पुष्कळ वेळ वाळू द्यावे लागते. कापसाचा बोळा त्यात भिजवून पट्ट्यांच्या लांबीच्या दिशेने, दोन्ही बाजूंनी, बोळा स्वच्छ निघेपर्यंत फिरवावा. हट्टी डागावर मऊ पांढरा खोडरबर एकदोनदा हलक्या हाताने चालवण्यास मुभा आहे, त्यापलीकडे नाही. नंतर तीच कॅसेट द्रवाने किंचित ओलसर करून, पुरवठा बंद असताना, खाचेत हळू आत-बाहेर केली, म्हणजे खाचेतील पात्यांवरचा मळही उतरतो. खेळाची प्रगती साठवणाऱ्या काही कॅसेटींत सीआर २०३२ ची नाण्याएवढी बॅटरी डाख देऊन बसवलेली असते; ती बदलता येते, परंतु काढताच साठवलेली प्रगती जाते, हे मुलांना आधी सांगावे.

एवढे करूनही यंत्र बोलत नसेल, तरच ते उघडावे. प्लास्टिकमध्ये रुतणारे स्क्रू परत बसवताना प्रथम उलटे फिरवून जुना आटा सापडू द्यावा, नाहीतर नवा आटा पडून प्लास्टिक चिरते. रेग्युलेटर छापील बाजूने समोर धरला, तर डावीकडे येणारा दाब, मधे ऋण, उजवीकडे जाणारा दाब. उजवीकडे ४·७५ ते ५·२५ व्होल्टांच्या दरम्यान काही असेल, तर त्याला हात लावू नये. डावीकडे निदान ७ व्होल्ट असूनही उजवीकडे काही नसेल, तर तो बदलावा. पडद्यावर आडव्या लाटा सरकत असतील, तर मोठा कंडेन्सर सुकला आहे : नवा तितक्याच मायक्रोफॅरडचा, तितक्याच किंवा अधिक व्होल्टांचा घ्यावा आणि त्याच्या अंगावरची ऋण पट्टी नीट पाहून बसवावा. नकलांचे तपकिरी बोर्ड हलक्या प्रतीचे असल्याने उष्णता जरा जास्त वेळ लागली की तांब्याची रेघ उचलली जाते; तेव्हा डाख झटपट द्यावा, आणि हात बसलेला नसेल तर आधी भंगारातल्या बोर्डावर बसवावा.

रिमोटचे एकच बटण चालत नसेल, तर रबराखालची काळी कार्बनची टिकली आणि तिच्या समोरचा बोर्ड पुसावा. सगळीच बटणे बंद असतील, तर पाच तारांपैकी एक, बहुधा पिनेशी, तुटलेली असते. बंदुकीची तक्रार घेऊन येणाऱ्यांना मी प्रथम घरचा टीव्ही कोणता ते विचारतो. बदकांच्या खेळातील बंदूक काचेच्या नळीच्या टीव्हीवर क्षणार्धात उमटणारा पांढरा चौकोन पाहून नेम ठरवते. सपाट टीव्ही ते चित्र उशिरा दाखवतो, म्हणून तेथे बंदूक चालत नाही, आणि तीत बिघाडही नसतो.

काळ्या ठिपक्याच्या आतली चिपच गेली असेल, तर पुढे खर्च करू नये. असे यंत्र भंगारात देण्यापूर्वी त्याची साठ पात्यांची खाच, रिमोटची रबरे आणि चालू बटण काढून घ्यावे. नवे मिळणे दुरापास्त झालेले हे सुटे भाग मी सिलिका जेलच्या पुडीसह बंद डब्यात ठेवतो, आणि नेरूळच्या त्या यंत्राला पुढे तेल फवारलेल्या खाचेऐवजी दुसरी खाच मिळाली ती अशाच एका डब्यातून.