तिरकी कानटोपी

आमच्या वर्गाला एक आक्का येतात. वय पन्नाशीच्या पुढे. घरी वीस-बावीस मेंढ्या आहेत. दिवाळीनंतर एकदा त्या आल्या त्या पदराखाली काहीतरी झाकून. पाटी खाली ठेवली आणि पदराखालून एक कानटोपी काढली.

"गुरुजी, नातवासाठी केली. घरच्या मेंढीची लोकर. मीच कातली, मीच विणली. पण बघा की, कशी तोंड वाकडं करून बसलीया!"

सगळे हसले. आक्काही हसल्या. पण पंधरा रात्रींचे काम होते ते.

मी टोपी हातात घेतली. टाके एकसारखे होते. एकही टाका निसटलेला नव्हता. तरी सगळी वीण एका अंगाला झुकलेली. शिवाय टोपी खरखरीत. नातू ती डोक्यावर ठेवतच नव्हता.

"माझं विणताना काय चुकलं?" आक्कांनी विचारले.

"विणण्यात काही चुकलं नाही. चूक आहे ती विणायच्या आधी, आणि थोडी विणल्यानंतर."

वाचकहो, हा पाठ त्या टोपीचा आहे. आमच्या माणदेशात मेंढ्या पुष्कळ. पण आज लोकरीला भाव नाही. कातरणाऱ्याची मजुरीसुद्धा सुटत नाही, म्हणून कित्येकजण लोकर उकिरड्यावर टाकतात. आणि त्याच घरात थंडीच्या दिवसांत पोर कुडकुडत असते. तेव्हा ही लोकर घरी कशी कातावी आणि केलेली वस्तू नीट पुरी कशी करावी, हे शिकण्यासारखे आहे.

आधी लोकर निवडा. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर जाड आणि राठ असते. घोंगडी, जेन, बसकर यांना ती उत्तम. पण लेकराच्या कानाला ती टोचणारच. त्यासाठी कोकराची पहिली कातरण घ्यावी. तिला जावळ म्हणतात. ती सगळ्यात मऊ. आक्कांनी मोठ्या मेंढीची लोकर घेतली होती. म्हणून नातवाची तक्रार!

कातरण्याआधी मेंढ्या ओढ्यावर धुतात, हे तुम्हांला माहीत आहेच. तरी लोकरीत सराटे, कुसळे, लेंड्या राहतात. त्या हाताने वेचून काढा. मग कोमट पाण्यात रिठा घालून त्यात लोकर भिजत ठेवा. चोळू नका. लोकरीत थोडे अंगचे तेल असते. ते सगळे काढू नये. थोडे तेल राहिले तर कातताना तंतू हाताला गुळगुळीत लागतात. वाळली की बोटांनी मोकळी करा, पिंजा आणि कापसाचे करतात तसे पेळू करा.

आता टकळी. मी चौथीत होतो तेव्हा आमच्या शाळेत टकळीचा तास असे. १९३७ साली वर्ध्याला शिक्षणाची परिषद भरली. हाताच्या कामातून शिक्षण द्यावे, हा विचार तिथे मांडला गेला. त्यातून टकळी कित्येक शाळांत आली. आम्हां पोरांना त्या तासाचा कंटाळा येई, हे खरे सांगतो. पण पीळ म्हणजे काय, ते त्या तासाला बोटांना कळले. ते आजवर विसरलेलो नाही.

टकळी फिरवली की पेळूतून ओढलेल्या तंतूंना पीळ बसतो. पीळ नसेल तर धागा तुटतो. पीळ फार झाला तर धागा गुरगुटतो. पाहा, कातलेला धागा दोन्ही टोकांना धरा आणि टोके जवळ आणा. मध्ये तो आपोआप स्वतःभोवती गुंडाळतो ना? याचा अर्थ त्याच्या अंगात अजून जोर आहे. त्याला उलगडायचे आहे. असा एकेरी धागा सुईवर घेतला आणि एक ओळ सुलट, एक ओळ उलट अशी साधी वीण घातली, की तो जोर प्रत्येक टाक्याला एकाच बाजूला ढकलतो. म्हणून आक्कांची टोपी तिरकी झाली.

यावर उपाय काय? उपाय तुमच्याच घरात आहे. तुमच्यापैकी कितीजण दोर वळतात? वर्गात एक पाटीलबुवा आहेत. ते म्हणाले, "घायपाताचा दोर मी अजून हातानं वळतो."

"मग बुवा, पदर एका अंगाला पिळला, तर दोन पदर एकत्र वळताना कोणत्या अंगाला वळता?"

"उलट्या अंगाला. नाहीतर दोर सुटंल की!"

झाले! लोकरीचेही तेच. कातताना टकळी उजवीकडे फिरवली असेल, तर असे दोन धागे घ्या. दोन गुंडे दोन तांब्यांत ठेवा, म्हणजे ते घरभर पळणार नाहीत. दोन्हींची टोके टकळीला बांधा आणि टकळी डावीकडे फिरवा. एका धाग्याचा जोर दुसऱ्याच्या जोराला धरून ठेवतो. धागा दोनपदरी होतो, गोल होतो, आणि घासला तरी लवकर झिजत नाही. काम दुप्पट वाटते खरे. पण तिरकी टोपी उसवून पुन्हा विणण्यापेक्षा कमीच.

दोनपदरी धाग्याची लड करा. फाळका नसेल तर पाटाभोवती गुंडाळा. चार ठिकाणी सैल बांधा, नाहीतर गुंता होईल. लड पाटावरून काढून कोमट पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवा. मग पाणी दाबून काढा आणि सावलीत टांगा. लड सरळ लोंबली तर पीळ बरोबर जमला. ती स्वतःभोवती वळली तर जमला नाही.

विणण्याविषयी मी जास्त सांगत नाही. ते तुम्हां बायकांना माझ्याहून चांगले येते. एकच सांगतो. आधी चार बोटांचा तुकडा विणा, तो धुऊन वाळवा आणि मग मोजा. धुतल्यावर माप बदलते.

आता शेवटचे काम. पुष्कळजणींना वाटते, सुईवरून उतरले म्हणजे झाले. इथेच सगळे बिघडते.

टाके बंद करताना हात सैल ठेवा. टोपीची कड घट्ट बंद झाली तर ती डोक्यात जाणार नाही. धागा तोडताना वीतभर शेपूट ठेवा. गाठ मारून काठाशी कापू नका. लोकरीची गाठ वापराने सुटते आणि तिथून भोक पडते. ते शेपूट बोथट सुईत ओवा आणि आतल्या बाजूने टाक्यांमधून तीन-चार बोटे न्या. मग उलट फिरवून तेवढेच परत आणा. वरून काही दिसू नये. बाजू शिवायच्या तर त्याच धाग्याने शिवा. फार ओढू नका, नाहीतर शिवण आखडते.

मग धुणे. इथे मला माझीच चूक सांगितली पाहिजे. माझ्या पत्नीने मला एक मफलर विणून दिला होता. ती गेल्यावर पहिल्या थंडीत मी तो बाहेर काढला. मळला होता, म्हणून कढत पाण्यात सोडा टाकला, खसाखसा चोळला आणि पिळला. वाळल्यावर पाहतो तर मफलर हातभर उरला होता, आणि पुठ्ठ्यासारखा कडक!

असे का झाले? लोकरीच्या प्रत्येक तंतूवर बारीक खवले असतात. घरावरची कौले एकावर एक असतात तसे. कढत पाणी, साबण आणि चोळणे, या तिन्हींनी ते खवले एकमेकांत अडकतात. एकदा अडकले की पुन्हा सुटत नाहीत. नमदा याच गुणावर करतात. पण मला नमदा नको होता, मफलर हवा होता.

म्हणून लोकर कोमट पाण्यात, रिठ्याने किंवा सौम्य साबणाने धुवा. नुसती दाबा. खळबळायचे पाणीही तेवढेच कोमट असू द्या. पिळू नका. जुन्या धोतरात गुंडाळून वरून दाबा, म्हणजे पाणी धोतरात जाईल. मग बाजेवर सावलीत पसरा आणि हाताने मापात आणा. ओली वस्तू दोरीवर टाकू नका. ती पाण्याच्या वजनाने लांबते. उन्हाळ्यात ठेवताना धुऊन, पुरी वाळवून ठेवा. मळक्या लोकरीला कसर आधी लागते.

आक्कांनी हे सगळे केले. त्यांना तीन आठवडे लागले. नवी टोपी जावळाची, दोनपदरी. नातू ती घालूनच वर्गाला आला आणि पूर्ण तास बाकावर झोपला.

दुसऱ्या दिवशी मी माझ्या ट्रंकेतून एक स्वेटर काढून आक्कांकडे नेला. पत्नीनेच विणायला घेतलेला. पाठ, पोट आणि एक बाही पुरी. दुसरी बाही कोपरापर्यंत, टाके अजून सुईवर. गुंडा शेजारीच होता. सहा वर्षे तो तसाच पडून होता.

आक्कांनी टाके मोजले. दोन टाके निसटले होते, ते उचलून घेतले. आठ दिवसांनी त्या स्वेटर घेऊन ओट्यावर आल्या.

"गुरुजी, हात पुढं करा. इथंच बंद करू, का अजून दोन बोटं वाढवू?"

मी हात पुढे केला. बाही मनगटाच्या जरा वर येत होती.

"दोन बोटं वाढवा," मी म्हणालो.