रानमेवा : पिकल्यावर काढा, फांदी राखा

चैत्र संपत आला की सह्याद्रीच्या उतारावरील आणि कोकणातील कातळावरील जाळ्या फळांनी भरू लागतात. करवंदे, तोरणे, जांभळे आणि रातांबे या फळांची कोणी लागवड केलेली नसते, त्यांना खत नसते की पाणी नसते. तरीही पेरणीपूर्वीच्या दोन महिन्यांत, हाताशी पैसा नसताना, हाच रानमेवा अनेक घरांना मीठमिरची आणि बियाण्यापुरता पैसा मिळवून देतो. म्हणून तो काढण्याची पद्धत शास्त्रीय असणे गरजेचे आहे.

मागील वर्षी मे महिन्यात विद्यार्थ्यांना घेऊन एका डोंगरावर गेलो असता वाटेच्या दोन्ही बाजूंना करवंदीच्या फांद्या कोयत्याने तोडून टाकलेल्या दिसल्या. निम्मी फळे हिरवीच होती. जवळच पाटी भरत बसलेल्या एका वयस्कर बाईंना विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "सायेब, आमी पिकायची वाट बघितली तर उद्या दुसरा कोनी येऊन नेतो. मग आमी काय न्यायचं?" त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. या लेखात फळे काढण्याच्या पद्धतीबरोबर या प्रश्नाचाही विचार केला आहे.

फळ पक्व झाल्याची लक्षणे

करवंद : फेब्रुवारी-मार्चमध्ये पांढरी सुवासिक फुले येतात आणि मे महिन्यात फळे पिकतात. हिरवे फळ लोणच्यासाठी, तर काळे-जांभळे फळ खाण्यासाठी व सरबतासाठी काढावे. पूर्ण पिकलेले करवंद बोटाने किंचित पिळताच देठापासून सुटते. ओढावे लागले तर ते अजून तयार नाही असे समजावे.

जांभूळ : मे-जूनमध्ये फळे तयार होतात. हे फळ झाडावरून काढल्यानंतर पिकत नाही. लालसर जांभळे काढून अढीत घातल्यास ती सुरकुततात, पण गोड होत नाहीत. म्हणून एका झाडाची फळे एकदम न उतरविता, जशी काळी होतील तशी दररोज किंवा दिवसाआड काढावीत.

रातांबा (कोकम) : गडद लाल झालेलीच फळे आमसुलासाठी घ्यावीत. पावसाची पहिली सर पडल्यावर फळे सडू लागतात आणि सोले वाळत नाहीत. म्हणून पक्व फळांची काढणी पावसापूर्वी उरकावी. कोकमात नर व मादी झाडे वेगळी असतात. फळ धरत नाही म्हणून रानातील नर झाड तोडू नये, कारण मादी झाडाच्या फलधारणेला त्याची गरज असते.

काढणी कशी करावी ?

१) काढणी सकाळी, ऊन चढण्यापूर्वी करावी.

२) करवंदीच्या फांदीला दुहेरी काटे असतात. त्यामुळे कोयता चालविण्याचा मोह होतो. परंतु करवंदीला फुले शेंड्याकडे येतात. जाड फांदी तोडली की ती पुन्हा वाढून फळावर येईपर्यंत काही हंगाम वाया जातात. टोकाला आकडा बांधलेल्या काठीने फांदी ओढून धरावी व फळे हाताने वेचावीत.

३) जांभळाचे लाकूड ठिसूळ असते. वरून जाड दिसणारी फांदीही अचानक मोडते. दरवर्षी या झाडावरून पडून माणसे जायबंदी होतात. पालघर तालुक्यातील बहाडोली येथील शेतकरी झाडाभोवती बांबूची परांची बांधून जांभळे उतरवितात. रानात ते शक्य नसल्यास झाडाखाली जाळे किंवा स्वच्छ चादर धरून फांदी हलवावी. शेंड्याकडची फळे पाखरांसाठी सोडावीत. जांभळाचे बी दूरवर पसरविण्याचे काम पाखरे व वटवाघळेच करतात.

४) खोल डब्यात तळाची फळे दबून फुटतात. उथळ टोपलीत पळसाची पाने अंथरून वीतभरापेक्षा जास्त थर देऊ नये. फुटकी फळे तिथेच वेगळी करावीत.

५) विडीचे थोटूक रानात टाकू नये. उन्हाळ्यातील वणव्यात जाळीखालची सर्व रोपे जळून जातात.

अनोळखी फळापासून सावध

"पाखरे खातात ते माणसाला चालते" ही समजूत घातक आहे. काजऱ्याचे (कुचला) गोल, नारंगी फळ दिसायला मोहक असते. धनेश त्याचा गर खातो, परंतु त्याच्या बियांत स्ट्रिकनीन हे तीव्र विष असते. "चीक येतो ते विषारी" हाही नियम खरा नाही, कारण करवंदाला पांढरा चीक असूनही ते खाद्य आहे. तेव्हा अशा ठोकताळ्यांवर विसंबू नये. घरातील जाणत्या माणसाने दाखविलेले व पूर्वीपासून खाण्यात असलेले फळच तोंडात घालावे. मुलांना ही गोष्ट आवर्जून सांगावी.

सिंधुदुर्ग जिल्ह्यात २०१६ मध्ये माकडतापाचे (क्यासनूर फॉरेस्ट डिसीज) रुग्ण मोठ्या संख्येने आढळले. हा रोग गोचिडीच्या चाव्यातून होतो आणि त्याचा काळ साधारण डिसेंबर ते मे, म्हणजे रानमेव्याच्या हंगामापर्यंत असतो. या भागात रानात जाताना अंगभर कपडे घालावेत, आरोग्य केंद्रातून मिळणारे गोचीड प्रतिबंधक औषध उघड्या अंगाला लावावे आणि घरी येताच गरम पाण्याने आंघोळ करून कपडेही गरम पाण्यात धुवावेत. माकड मरून पडलेले दिसल्यास त्या भागात जाऊ नये व ताबडतोब आरोग्य केंद्रास कळवावे. रानातून आल्यावर ताप भरल्यास तो अंगावर काढू नये.

वाट कोणी पाहायची ?

आता त्या बाईंच्या प्रश्नाकडे वळू. एकट्याने थांबून उपयोग नाही हे खरेच आहे. एकजण थांबला तर दुसरा हिरवे फळ नेतो, त्याला भाव कमी मिळतो, आणि थांबणाऱ्याच्या वाट्याला मोडकी जाळी येते. यात दोघांचेही नुकसान होते. म्हणून थांबायचे तर सर्वांनी मिळून थांबले पाहिजे.

वनहक्क अधिनियम, २००६ अन्वये हक्कधारकांना पारंपरिकरीत्या गोळा केले जाणारे गौण वनोपज गोळा करण्याचा, वापरण्याचा व विकण्याचा हक्क मान्य झाला आहे. वनाचे रक्षण व व्यवस्थापन करण्याचे अधिकारही त्यात ग्रामसभेला आहेत. त्याचा आधार घेऊन चैत्रातच ग्रामसभा घ्यावी व तीन गोष्टी ठरवाव्यात : अमुक तारखेपूर्वी पिकल्या फळासाठी जाळीला हात लावायचा नाही, कोयता न्यायचा नाही, आणि लोणच्यासाठी हिरवी फळे कोणत्या भागातून काढायची. अभयारण्य व राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत मात्र वेगळे नियम लागू असतात. तेथे वनविभागाकडे आधी चौकशी करावी.

बांधावर रानमेवा

रानावरील ताण कमी करण्याचा दुसरा उपाय आपल्या बांधावर आहे. चांगल्या, मोठ्या फळांच्या जाळीतून पूर्ण पिकलेली करवंदे निवडावीत. बिया धुऊन सावलीत सुकवाव्यात व लगेच पेराव्यात, कारण त्यांची उगवणशक्ती लवकर कमी होते. जांभळाचे बीही ताजेच लावावे. रोपे पुढील पावसाळ्यात बांधावर सुमारे एक मीटर अंतराने लावल्यास जनावरांना अडविणारे काटेरी कुंपण तयार होते व फळही मिळते. सारखे व मोठे फळ हवे असल्यास दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने करवंदाची 'कोकण बोल्ड', जांभळाची 'कोकण बहाडोली' आणि कोकमाची 'कोकण अमृता' या जाती विकसित केल्या आहेत. जांभूळ व कोकमाची कलमे लावावीत.

शेतकरी बंधू-भगिनींनो, उभ्या पिकाच्या बाबतीत कणीस भरण्यापूर्वी आपण विळा लावत नाही. रानातल्या जाळीलाही तोच न्याय लावावा. या वर्षी आठ दिवस थांबलात, तर फळाला चांगला भाव मिळेल आणि पुढच्या वर्षी तीच फांदी पुन्हा भरलेली दिसेल.