कागदपत्रांविना पदवीकडे : अमेरिकेतील प्रवेश, शुल्क आणि अर्थसाहाय्याचा पेच

वैध वास्तव्याची कागदपत्रे नसलेल्या विद्यार्थ्याला अमेरिकेत महाविद्यालयीन शिक्षण घेता येते का, या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. प्रवेश, शुल्क आणि अर्थसाहाय्य हे तीन स्वतंत्र प्रश्न आहेत व त्यांचा निर्णय घेणारी सत्तास्थानेही भिन्न आहेत. संघराज्य पद्धतीतील अधिकारविभागणी एखाद्या अठरा वर्षांच्या तरुणाच्या आयुष्यापर्यंत कशी पोहोचते, हे समजून घेण्यासाठी स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासकांनी हा विषय पाहण्यासारखा आहे.

शाळेच्या उंबरठ्यापर्यंत

या विषयाचा प्रारंभबिंदू म्हणजे १५ जून १९८२ रोजीचा 'प्लायलर विरुद्ध डो' हा निकाल. टेक्सास राज्याने १९७५ मध्ये कायदा बदलून, देशात वैधरीत्या प्रवेश न केलेल्या मुलांच्या शिक्षणासाठी राज्य निधी देण्याचे बंद केले. टायलर येथील शाळा प्रशासनाने अशा प्रत्येक मुलाकडून वर्षाला १,००० डॉलर मागितले. सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ अशा बहुमताने हा कायदा घटनाबाह्य ठरविला. अमेरिकी घटनेच्या चौदाव्या दुरुस्तीतील समान संरक्षण 'नागरिका'ला नव्हे तर 'व्यक्ती'ला आहे, हा त्यामागील आधार. भारतीय राज्यघटनेतील अनुच्छेद १४ आणि अनुच्छेद १५ व १६ यांच्या शब्दरचनेतील फरक ज्यांनी अभ्यासला आहे, त्यांना हा मुद्दा वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

मात्र या निकालाचे संरक्षण बारावीपर्यंतच्या सार्वजनिक शाळेपुरते आहे. त्यापुढे काय, याबाबत संघीय कायदा प्रवेशास मनाई करीत नाही आणि प्रवेशाची हमीही देत नाही. ही मोकळी जागा राज्यांनी आपापल्या परीने भरली. दक्षिण कॅरोलिनाने २००८ मध्ये सार्वजनिक महाविद्यालयांची दारे बंद करणारा कायदा केला, तर जॉर्जियाच्या विद्यापीठ मंडळाने २०१० मध्ये निवडक सार्वजनिक संस्थांपुरता मज्जाव केला. बहुसंख्य राज्यांत मात्र अर्ज करता येतो. खरी अडचण त्यानंतर सुरू होते.

'निवासी' कोण?

सार्वजनिक विद्यापीठांत राज्याच्या रहिवाशांना कमी व बाहेरच्यांना कितीतरी अधिक शुल्क आकारले जाते. त्याच राज्यात लहानाचा मोठा झालेला विद्यार्थी कागदपत्रांअभावी 'बाहेरचा' ठरला, तर प्रवेशपत्र हाती असूनही ते निरुपयोगी ठरते. १९९६ च्या स्थलांतरविषयक कायद्याच्या कलम ५०५ नुसार, वैध वास्तव्य नसलेल्या व्यक्तीस 'राज्यातील निवासाच्या आधारे' उच्च शिक्षणाचा लाभ द्यायचा असेल, तर तोच लाभ देशातील कोणत्याही नागरिकास, तो कोठेही राहत असला तरी, देणे बंधनकारक झाले.

येथे कायद्याच्या मसुद्यातील शब्दांचे महत्त्व दिसून येते. २००१ मध्ये प्रथम टेक्सासने व त्यानंतर कॅलिफोर्नियाने सवलतीचे कायदे केले. कॅलिफोर्नियाने निकष निवासाचा ठेवला नाही. राज्यातील माध्यमिक शाळेत तीन वर्षे शिक्षण आणि तेथून उत्तीर्ण होणे हा ठेवला. परराज्यात राहणारा, पण कॅलिफोर्नियात शिकलेला नागरिकही त्यास पात्र ठरतो. म्हणूनच २०१० मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा वैध मानला. टेक्सासच्या कायद्यात निवासाची अट होती. जून २०२५ मध्ये संघीय न्याय विभागाने त्याविरुद्ध दावा दाखल केला, राज्य सरकारने त्याच दिवशी संमती दिली आणि न्यायालयाच्या आदेशाने चोवीस वर्षांची सवलत संपुष्टात आली. ज्या राज्याने पायंडा पाडला, त्याने बचावाचा युक्तिवादही केला नाही, ही बाब नोंद घेण्याजोगी आहे. फ्लोरिडानेही २०१४ मधील आपली सवलत २०२५ मध्ये रद्द केली.

अर्थसाहाय्य आणि अर्जातील धोके

पेल अनुदान, संघीय शैक्षणिक कर्ज आणि काम करीत शिकण्याची योजना ही संघीय साहाय्याची प्रमुख साधने. ती नागरिक, कायम रहिवासी व काही विशिष्ट वर्गांपुरती मर्यादित आहेत. बालपणी आलेल्यांसाठी २०१२ मध्ये सुरू झालेल्या 'डाका' योजनेतून कामाचा परवाना व सामाजिक सुरक्षा क्रमांक मिळाला, तरीही संघीय साहाय्याची पात्रता मिळाली नाही. २०२१ च्या न्यायालयीन आदेशानंतर तर नव्या अर्जांना मंजुरी देणेच थांबले.

उरतात राज्ये व खासगी स्रोत. कॅलिफोर्नियाने २०११ च्या कायद्यांद्वारे राज्य अनुदाने खुली केली आणि त्यासाठी संघीय अर्जाहून वेगळा अर्ज ठेवला. खासगी महाविद्यालये आपल्या निधीतून साहाय्य देऊ शकतात. परंतु काही संस्था अशा अर्जदारास परदेशी विद्यार्थी समजून त्याची आर्थिक गरज प्रवेशाच्या वेळीच विचारात घेतात. त्यामुळे अर्ज करण्यापूर्वी त्या संस्थेचे धोरण विचारून घेणे अगत्याचे असते. त्याहून महत्त्वाची दक्षता म्हणजे कोणत्याही अर्जात आपण अमेरिकी नागरिक असल्याचे खोटे लिहू नये. १९९६ च्या कायद्यानुसार असा दावा भविष्यातील वैध वास्तव्याचा मार्ग जवळजवळ कायमचा बंद करू शकतो. याउलट, विद्यार्थी स्वतः जन्माने नागरिक असेल तर पालकांकडे कागदपत्रे नसली तरी त्याची संघीय पात्रता जात नाही. भीतीपोटी अनेक कुटुंबे हा अर्जही टाळतात, आणि ती भीती निराधार म्हणता येणार नाही.

या चर्चेत भारतीय कुटुंबांचा, त्यांत मराठी कुटुंबांचाही, संबंध एका वेगळ्या बाजूने येतो. एच-१बी व्हिसावरील पालकांची मुले एच-४ या आश्रित व्हिसावर वाढतात. कायम वास्तव्याच्या अर्जांत भारतीयांची रांग इतकी लांब आहे की, पालकांची पाळी येण्यापूर्वीच अनेक मुलांची एकविसावी वर्षपूर्ती होते व आश्रित दर्जा संपतो. त्यांच्याकडे सदैव वैध कागदपत्रे होती. नेमक्या याच कारणाने ती 'डाका'साठी अपात्र ठरली, कारण १५ जून २०१२ रोजी वैध दर्जा नसणे ही त्या योजनेची अट होती. शिक्षण पुढे चालू ठेवायचे तर त्यांना विद्यार्थी व्हिसा घ्यावा लागतो. तसे केल्यास ज्या राज्यात पहिलीपासून शिक्षण झाले, तेथेच परदेशी विद्यार्थ्याचे शुल्क भरण्याची वेळ येऊ शकते.